जावईबुवांनी निवडलेला चाकू

आमच्या ह्याईले तुमी एक काडेपेटी आणाले पाठवून पाहा. दुकानात उभं राहून काड्या हालवून पाहतीन, गूल ओला तं नाई ना म्हणून वास घेतीन, दुकानदारासंगं दोन पेट्याईवरून वाद घालतीन, अन् दिवेलागणीले हात हालवत घरी येतीन. म्हणे, माल बरोबर नव्हता! बबनराव नाव आमच्या मालकाचं. गावात लोक म्हणतात, बबनरावासारखा पारखी पंचक्रोशीत नाई. लोकाईचं काय जाते म्हणाले? चूल तं माही खोळंबते.

आता ही चाकूची गोष्ट. आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माह्या भावाचं, रूपरावचं, लग्न होतं. मायबाप गेले तेव्हा रूपराव रांगत होता. मीच त्याले मोठा केला. मोठा केला म्हणजे उंच झाला, कामाले वाघ झाला, पण तोंड काई फुटलं नाई बाप्पा. काईबी विचारा, एकच बोलणं, "तुमी म्हणान तसं." भाजी कायची करू रे? तू म्हणशीन तशी. शर्टाले कापड कोणतं घेऊ? तू म्हणशीन ते. अरे बयताडा, अंगात तू घालशीन का मी? तरी हसे नुसता. जवळपासच्या दोन सोयरिकी याच्यापायीच मोडल्या. पोरीवाल्याईले वाटे, पोट्टा मुका आहे.

तिसरी सोयरीक आली थेट वडनेरहून. अण्णाजी म्हणून कास्तकार, त्याईची धाकटी पोरगी जयवंता. अण्णाजी आले, वावर पाह्यलं, विहीर पाह्यली, बैलाईच्या पाठीवर हात फिरवून पाह्यला. जेवण झालं, पान खाल्लं, अन् मंग रूपरावले म्हणाले, "बाकी सारं पसंत आहे. एकच सांगा. उद्या घरात कोणी माह्या पोरीले उलटसुलट बोललं, तं तुमी तिच्याकडून बोलान का?"

रूपरावनं माह्याकडं पाह्यलं. माह्यानं काई राहवलं नाई. मी म्हटलं, "बोलन ना जी! काऊन नाई बोलणार?"

अण्णाजी हसले. म्हणाले, "आतापण तुमीच बोलल्या, बाई."

सोयरीक जमली. पण ते बोलणं माह्या काळजात रुतून बसलं. माणूस आपली पोरगी देऊन राह्यला, अन् एवढंच मागून राह्यला. तेवढंबी माह्या भावाजवळ नसलं तं? मी का जन्मभर त्याच्या शेजारी उभी राहून त्याच्या तोंडचं बोलणार आहो? त्यातून हा दोन जमती लग्नं मोडलेला. तिसरं मोडलं असतं तं चौथं कोणी आणलं नसतं.

तं लग्नाची तयारी. आमच्याकडं हळद लागली का नवरदेवाच्या हातात लोखंड पायजे. कट्यार म्हणा, चाकू म्हणा, टोकाले लिंबू खोचायचं अन् लग्न लागेपर्यंत ते हातातून खाली ठेवायचं नाई. हळदीच्या अंगाले लवकर नजर लागते म्हणतात. गावात बंडूजीच्या घरी एक जुनी कट्यार आहे, गावातले सारे नवरदेव तीच घेऊन बोहल्यावर चढले. पण त्या तिथीले गावात दुसरंबी लग्न होतं, अन् त्याईनं ती आधीच सांगून ठेवली होती. म्हणून आमी आष्टीच्या बाजारात गेलो. मी, रूपराव, अन् आमचे पारखी.

मोतीलाल तिथं ताडपत्री टाकून बसे. कुलुपं, कात्र्या, अडकित्ते, अन् एका पत्र्याच्या पेटीत चाकूच चाकू. एक कट्यारबी होती, लाल मखमलीच्या म्यानात, मुठीले लाखेचं काम. मी म्हटलं, हे घ्या अन् चला, माह्या अजून बांगड्या घ्याच्या आहेत.

"एक दिवस मिरवाले कट्यार?" हे म्हणाले. "मंग तिचं काय करान, भिंतीले टांगान? त्यापेक्षा घडीचा चाकू घेऊ, रोजच्या कामाचा. लग्नात हातात राहीन, लग्न झालं का खिशात. सुतळी कापाले होईन, संत्र्याची फांदी छाटाले होईन, वावरात कांदा चिराले होईन. स्वस्तात जन्माचं काम."

ऐकाले बरोबर वाटलं. ह्याईचं सारंच ऐकाले बरोबर वाटते, तोच तं घोळ आहे. मी म्हटलं, बरं, घ्या घडीचा. अन् त्या मोतीलालच्या ताडपत्रीवर आमचे हे जे बसले, ते बसलेच.

पहिला चाकू शिंगाच्या मुठीचा. ह्याईनं उघडला, मिटवला, कानाशी नेऊन त्याचा आवाज ऐकला. म्हणे, शिंग उन्हानं तडकते. दुसरा माशाच्या आकाराचा. म्हणे, हे पोराईचं खेळणं आहे. तिसरा पितळी. म्हणे, जड आहे, खिसा फाटन. चौथ्याले प्लॅस्टिकची मूठ, तो हातात धराच्या आधीच वापस. पाचवा खटक्याचा, बटन दाबलं का पातं सपकन बाहेर. तो मातर ह्याईले भल्ला आवडला, पाच-सहा खेपा खटखट करून पाह्यला, शेजारचा कांदेवाला उठून दूर जाऊन बसला. मंग म्हणे, नाई, हा नको, पोलीस धरतीन.

"भाऊसाहब, कोई भी ले जाओ, उमरभर चलेगा," मोतीलाल म्हणाला.

"उमर कोणाची? तुमची का चाकूची?" हे म्हणाले, अन् कांदेवाल्याचा एक कांदा घेऊन चिरला. मंग सुतळी कापली. मंग सोताच्या पायाचं नख काढलं, भर बाजारात. मंग धार पाहाले डाव्या हातावरचे केस भादरले. एका हातावर केस अन् एका हातावर नाई, असे हे लग्नात मिरवले. मले तं तिथंच जमीन दुभंगून पोटात घेईन तं बरं असं झालं. ओळखीपाळखीचे लोक येत-जात होते, विचारत होते, "काय जी बबनराव, काय घेऊन राह्यले?" अन् हे सांगत बसले, पोलाद कसं ओळखावं.

मी म्हटलं, "अवो, एवढं सारं कापून पाह्यलं, एकडाव लिंबू खोचून तं पाहा! कायच्यासाठी आलो आपण?"

"लिंबू का जड असते?" हे म्हणाले. "लिंबू कोणताबी चाकू धरते. तुले त्यातलं समजत नाई, रुख्मे."

ऊन उतरलं. मोतीलालनं सामान आवराले घेतलं, तेव्हा कुठं ह्याईनं एक चाकू पसंत केला. लाकडी मूठ, पातं लांबोळकं. म्हणे, हा. ना जड, ना हलका, अन् उघडाले किती मोकळा पाहा! रूपरावनं तो उचलला. उघडला. पात्याले अंगठ्यानं जरा हालवून पाह्यलं, अन् त्याच्या कपाळाले आठी पडली.

"भाऊजी, हे जरासं ढिल्लं..."

"ढिल्लं नाई बे, मोकळं म्हणतात त्याले. नवा कडक चाकू नख मोडते."

"मंग तुमी म्हणान तसं," रूपराव म्हणाला.

मी कपाळावर हात मारून घेतला. बांगड्यावाला केव्हाचाच उठून गेलता.

लग्नाच्या दिवशी तांबडं फुटाच्या आधी ट्रक निघाला. आष्टीहून वडनेर म्हणजे जिल्ह्याच्या या टोकाहून त्या टोकाले. ट्रक ह्याईनंच ठरवला होता, ओळखीतून, म्हणून त्याचाबी एक तोरा. मांगं बाया, पोरं, अहेराच्या पेट्या, अन् मधात हळदीनं पिवळा झालेला माहा भाऊ, बाशिंग मांडीवर, उजव्या हातात उघडा चाकू, त्याच्या टोकाले लिंबू. ट्रकाले खड्डा लागला का साऱ्या बाया चाकूपासून मांगं सरकत. माही आत्या शकुंतलाबाई देवाचं नाव घेत होती. लिंबाचा रस पात्यावरून मुठीवर येऊन राह्यला होता, अन् रूपराव धोतराच्या सोग्यानं मूठ पुसत होता. बोलत काई नव्हता. सवयच नाई ना.

आर्वीले च्याले थांबलो. तिथं कोणीतरी टरबूज घेतलं, अन् चाकू कोणाजवळच नाई. झालं! आमच्या ह्याईले चेवच आला.

"आपल्याजवळ आहे ना! रोजच्या कामाचाच तं घेतला." अन् नवरदेवाच्या हातातून चाकू घेतला, लिंबू काढून त्याच्या हातात देल्लं, अन् टरबूज फाडलं.

"अहो जावईबुवा, हळदीच्या अंगाजवळचं लोखंड काढत असतात का?" शकुंतलाबाई ओरडली.

"दोन मिनिटात काय होते, आत्याबाई? टरबूज खा."

टरबुजावर थांबले असते तरी मी देवाले नारळ फोडलं असतं. पण ट्रकाच्या मागच्या फाळक्याचा पेच ढिल्ला झालता, अन् ड्रायव्हरजवळ पेचकस होता तो त्याच्या सीटखाली. तो काढेपर्यंत ह्याईनं चाकूचं टोक पेचात घातलं अन् लागले पिळाले. मी म्हटलं, अवो, तो नवरदेवाचा चाकू आहे, तुमच्या ट्रकाचं हत्यार नाई! म्हणे, पाहा, पातं जरातरी वाकलं का? पातं नाई वाकलं. पण चाकू पुन्हा रूपरावच्या हातात आला तेव्हा ते पातं मुठीत डुगूडुगू हालत होतं. त्यानं ते पाह्यलं. मीबी पाह्यलं. मी ह्याईले दाखवलं तं म्हणे, आता तो हातात रुळला.

काय करावं अशा माणसाले, तुमीच सांगा. तेव्हा पंधरा वर्सं झालती लग्नाले, अन् पंधरा वर्सं मी हेच करून राह्यली होती. ह्याईनं काई करून ठेवायचं, अन् मी मांगं मांगं फिरून लोकाईले हात जोडायचे. हे रुसायचे, अन् मी समजूत घालायची.

दुपार कलली तेव्हा वडनेर आलं. वेशीवर मारोतीचं देऊळ, तिथं अण्णाजी अन् त्याईचे भाऊबंद बाजा घेऊन उभे. अण्णाजी नव्या पांढऱ्या धोतरात. मी ट्रकातूनच रूपरावच्या कानात सांगतलं, "उतरल्याबरोबर अण्णाजीच्या पाया पडजो." तो उतरला, बाशिंग सावरलं, अन् पाया पडाले वाकला. चाकू तं हातातून ठेवायचा नाई. वाकला तसं टोकाचं लिंबू जमिनीले टेकलं, अंगाचा भार पात्यावर आला, अन् ते पातं खाडकन मिटलं. मधात त्याची बोटं.

तो ओरडलाबी नाई. पण रगत भळभळ निघालं, अन् ते पडलं अण्णाजीच्या पांढऱ्या धोतरावर.

बाजा बंद झाला. बाया "माय वं!" करून तोंडावर पदर धरून उभ्या राह्यल्या. मी धावत जाऊन रूपरावच्या बोटाईले माहा रुमाल गुंडाळला. तेवढ्यात आमच्याच मांगून शकुंतलाबाई बोललीच, "वेशीवरच रगत सांडलं. काई खरं नाई बाई या लग्नाचं."

आता इथं आमच्या ह्याईनं नुसतं "चुकलं" म्हटलं असतं. नाईतं नुसते गप राह्यले असते. पण सारी वरात त्या चाकूकडं पाहून राह्यली होती, अन् तो चाकू कोणी निवडला ते साऱ्या वरातीले माहीत होतं, कारण सकाळपासून ह्याईनं ते प्रत्येकाले सांगतलं होतं. ह्याईनं चाकू उचलला, सोताच्या धोतराले पुसला, उघडून मिटवून पाह्यला, अन् मोठ्यानं म्हणाले, "चाकूत खोट नाई. चाकू मी सोता पारखून घेतला. आता पोरीचा पायगुणच असा असंन, तं त्याले चाकू काय करन?"

मरो तो चाकू! अरे, सोताच्या चाकूले नाव नको म्हणून परक्याच्या पोरीले नाव ठेवता?

अण्णाजीचं तोंड काळंठिक्कर पडलं. तरी ते सावकाश बोलले, "जावईबुवा, माही पोरगी अजून घराचा उंबरठा उतरली नाई. तिचा पायगुण इथं कुठून आला?"

त्याईचे भाऊबंद पुढं सरकले. आमच्यातलेबी दोघं-तिघं पुढं झाले. मले डोळ्यापुढं दिसाले लागलं, ट्रक वापस फिरून राह्यला अन् माहा भाऊ तसाच पिवळा त्याच्यात बसून राह्यला. मी नेहमीसारखी हात जोडून पुढं झाली, "अण्णाजी, मनावर घेऊ नका जी, त्याईच्या बोलण्याचा अर्थ तसा..."

"ताई, तू राहू दे," रूपराव म्हणाला.

मले वाटलं दुसरंच कोणी बोललं. पण तोच होता. रुमाल लाल झाला होता, अन् दुसऱ्या हातानं त्यानं तो आवळून धरला होता.

"भाऊजी, चाकू खराब आहे," तो म्हणाला. "त्याचं पातं ढिल्लं आहे. बाजारातच ढिल्लं होतं, आर्वीले तुमी ते आणखी ढिल्लं केलं. मले दिसत होतं अन् मी बोललो नाई, म्हणून माहा हात कापला. माह्या हाताचं मी पाहून घेईन. पण तिचं नाव घेऊ नका. तिनं काय केलं?"

एवढं तो जन्मात एका वेळेले बोलला नव्हता. आमचे हे रागानं लाल झाले.

"म्हणजे माही पारख खोटी?"

"या चाकूची खोटी."

"तं मी चाललो वापस! ट्रक मी आणला, ट्रक मी नेतो. बसा इथं!"

जावयाचा रुसवा म्हणजे काय असते ते तुमाले सांगाले नको. जावई रुसला का लग्नं अडतात, सासरे पायावर पागोटं ठेवतात. सारे रूपरावकडं पाहाले लागले. मले वाटलं, आता हा म्हणणार, तुमी म्हणान तसं.

"जा जी," रूपराव म्हणाला. "पण सकाळी ट्रक पाठवजा. आमाले दोघाईले घरी याचं आहे."

अण्णाजीनं खांद्यावरचं उपरणं काढलं, त्याची पट्टी फाडली, अन् सोताच्या हातानं माह्या भावाची बोटं बांधाले लागले. बांधता बांधता त्याईच्या डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, ते पुसालेबी हात मोकळा नव्हता. बांधून झाल्यावर बाजावाल्याले म्हणाले, "काऊन थांबले रे? वाजवा!"

हे तिकडं ट्रकाकडं निघालते. ताडताड पाय आपटत, पण चाल अशी का कोणी मांगून हाक मारन तं ऐकू यावी. मले ती चाल पाठ आहे. माहे पाय आपोआप तिकडं वळले. हात धरायचा, चार शब्द बोलायचे, पाणी द्यायचं, जरासं रडायचं, मंग ते येतात.

"ताई."

रूपरावनं हाक मारली. मी वळून पाह्यलं. बाशिंग कलतं झालेलं, हात छातीशी धरलेला, हळदीत रगत मिसळलेलं.

"तू जाऊ नको ना," तो म्हणाला. "मले भेव लागून राह्यलं. मांडवात माह्या मांगं करवलीचा दिवा घेऊन कोण उभं राहीन?"

मी त्याच्याजवळ गेली, बाशिंग नीट केलं, अन् त्याच्या मांगं चालाले लागली. आमचे हे लग्न लागेपर्यंत ट्रकात बसून होते, दोन डाव त्याईनं हॉर्नबी वाजवला, पण मी काई वळून पाह्यलं नाई.